भेट केव्हा पुरी होते? : स्थानपोथी, दुर्गांच्या याद्या आणि नरनाळा

इंग्लंडातील फुटबॉलप्रेमी लोकांत एक लहानसा, परंतु मोठा चिवट असा वर्ग आहे. आपल्या संघाच्या जयापजयाने त्याचे समाधान होत नाही. तेथील व्यावसायिक लीगच्या चार श्रेणींत मिळून ९२ संघ असतात. पूर्वी ते ८८ होते, १९५० साली ९२ झाले. या सर्व संघांच्या मैदानांवर जाऊन प्रत्येक ठिकाणी निदान एक सामना पाहावयाचा, असे व्रत हा वर्ग घेतो. व्रत पुरे करणाऱ्यांचे एक मंडळही १९७८ साली स्थापन झाले. कोणाला हे थोड्या वर्षांत साधते, कोणाचे अर्धे आयुष्य त्यात जाते. मराठीच्या संशोधनपत्रिकेत या छंदाचा उल्लेख व्हावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. तथापि त्याची घडण आपल्याकडील एका जुन्या ग्रंथाशी आणि एका नव्या हौसेशी इतकी जुळते की, तिच्यापासून प्रारंभ करणे मला सोयीचे वाटते.

या व्रतातील यादी व्रत घेणाऱ्याने केलेली नसते. ती सामन्यांच्या निकालांनी केलेली असते. दर हंगामाच्या अखेरीस तळाचे संघ लीगबाहेर जातात व खालच्या स्पर्धेतून नवे संघ आत येतात. २०१९ साली बरी या जुन्या संघाला आर्थिक कारणांवरून लीगमधून काढून टाकण्यात आले आणि त्या हंगामापुरती संख्याच ९१ झाली. टॉटनहॅमचे जुने मैदान २०१७ साली बंद झाले व त्या जागी उभे राहिलेले नवे मैदान २०१९ साली खुले झाले. एव्हर्टनच्या पुरुष संघाने तर १८९२ पासूनचे आपले गुडिसन पार्क २०२५ साली सोडले. म्हणजे ज्याने ९२ चा आकडा गाठला, त्याचे पुरे झालेले व्रत पुढच्याच वर्षी अपुरे होते आणि त्याला पुन्हा वाटेला लागावे लागते. दुसरी गोष्ट अटीची. रिकाम्या मैदानाला प्रदक्षिणा घातली, कुंपणावरून आत डोकावले, तर ती भेट धरली जात नाही. मैदानावर सामना चालू असला पाहिजे आणि तो पाहिलेला असला पाहिजे. मैदान ज्या कार्यासाठी आहे ते कार्य घडताना तेथे हजर असणे, अशी ही अट आहे.

‘सर्व स्थाने पाहिली’ असे म्हणण्यासाठी यादी लागते, हे उघड आहे. परंतु अटही लागते, हे तितकेसे ध्यानात येत नाही. एखाद्या स्थानाची भेट झाली, असे केव्हा म्हणावयाचे? प्रस्तुत लेख या एका प्रश्नापुरता मर्यादित आहे. मराठीतील स्थानविषयक लेखनाचे मूल्यमापन करताना हा प्रश्न आपण विचारीत नाही, आणि तो न विचारल्यामुळे अशा लेखनातील थोर काय व सामान्य काय, हे आपल्याला सांगता येत नाही, असे माझे मत आहे.

या प्रश्नाचे मराठीतील सर्वांत जुने आणि सर्वांत काटेकोर उत्तर महानुभावांच्या स्थानपोथीत आहे. चौदाव्या शतकातील हा लहानसा गद्यग्रंथ परंपरेने मुनिव्यासांच्या नावावर आहे, आणि डॉ. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे तो अभ्यासकांच्या हाती आला. श्रीचक्रधर ज्या ज्या गावी गेले, तेथे ज्या ज्या जागी बसले, निजले, राहिले, त्या जागांची ही नोंद आहे. लीळाचरित्राचे अध्ययन आपल्याकडे पुष्कळ झाले. स्थानपोथी मात्र बहुधा एखाद्या गावाचे जुने नाव किंवा देवळाची दिशा शोधण्यासाठी चाळली जाते. अ‍ॅन फेल्डहाउस यांच्या २००३ सालच्या ‘कनेक्टेड प्लेसेस’ या ग्रंथात महाराष्ट्रातील यात्रा आणि प्रदेशभावना यांच्या संदर्भात तिचा गंभीर विचार आहे. परंतु ग्रंथ म्हणून, वाङ्मयप्रकार म्हणून, तिच्याकडे पाहण्याचे काम मराठीच्या अभ्यासकांनी अजून मनावर घेतलेले नाही.

स्थानपोथी वाचू लागले की प्रथम निराशा होते, हे मान्य केले पाहिजे. वर्णन नाही, अलंकार नाही, भावनेचा उमाळा नाही. गाव कोणत्या दिशेला, मढ कोणत्या दिशेला, दार पूर्वेकडे की पश्चिमेकडे, चौकात काय, आवाराबाहेर काय, आणि मग त्यांतील नेमक्या कोणत्या ठिकाणी आसन झाले, एवढेच. एखाद्या तलाठ्याच्या दप्तरात शोभावे असे हे गद्य आहे. परंतु दहा-वीस पाने वाचून झाल्यावर या कोरडेपणाचे कारण कळू लागते. हे वर्णन जागा डोळ्यांपुढे उभी करण्यासाठी केलेले नाही. जो मनुष्य तेथे जाऊन पोहोचला आहे, त्याला चार पावले इकडे की चार पावले तिकडे, हे कळावे म्हणून ते केलेले आहे. त्याचा वाचक घरी बसलेला नाही. तो त्या आवारात उभा आहे.

आणि त्याने तेथे काय करावयाचे, हे ग्रंथाच्या परिभाषेतच आलेले आहे. बसण्याची जागा ते आसन, रात्रीच्या मुक्कामाची ती वसती, दीर्घ राहण्याचे ते अवस्थान. एकाच गावात, एकाच देवळात, ही स्थाने निरनिराळी असतात आणि निरनिराळीच वंदिली जातात. महानुभावांच्या मंदिरांत आजही मूर्तीच्या जागी जो ओटा दिसतो, तो अशा स्थानाची खूण असतो. त्या ओट्यावर मस्तक ठेवताना, येथे कोणती लीळा झाली याचे स्मरण व्हावे लागते. स्मरणावाचून केलेला नमस्कार हा दगडाला केलेला नमस्कार होय. म्हणजे येथे भेटीची अट दुहेरी आहे : पाय नेमक्या जागी पोहोचले पाहिजेत, आणि मन नेमक्या प्रसंगी पोहोचले पाहिजे. पहिल्यासाठी स्थानपोथी आहे, दुसऱ्यासाठी लीळाचरित्र. फुटबॉलच्या मैदानावर सामना प्रत्यक्ष चालू असावा लागतो. येथे तो सामना सातशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला आहे, आणि पाहणाऱ्याला तो स्मरणाने पुन्हा घडवावा लागतो.

स्थान आणि ग्रंथ यांचे हे नाते एकेरी नाही, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे. श्रीचक्रधरांच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी ज्याला जी लीळा ठाऊक त्याच्याकडे जाऊन ती गोळा केली. म्हणजे लीळाचरित्र हा ग्रंथच मुळी एका पायपिटीतून निर्माण झालेला आहे. पुढे खालशाच्या धाडीत मूळ प्रत गेली, आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून निरनिराळे पाठ सिद्ध झाले. ग्रंथ नाहीसा होऊ शकतो, ही गोष्ट या पंथाने अनुभवाने शिकलेली होती. अशा स्थितीत ओटे म्हणजे दगडात बांधलेला दुसरा पाठच होय. येथे आसन झाले, हे जर जागा सांगत असेल, तर त्या जागेची लीळा पोथीबरोबर बुडून जाणार नाही. ऋद्धिपूरसारख्या गावी, जेथे श्रीगोविंदप्रभूंच्या लीळांची स्थाने पावलापावलावर आहेत, तेथे हिंडताना हे विशेष जाणवते. अख्खे गावच एका चरित्रग्रंथाचा पाठ होऊन बसलेले आहे.

येथे एक आक्षेप घेता येईल आणि तो हलका नाही. श्रीचक्रधरांनी आपल्या शिष्यांना जो आचार सांगितला, त्यात अटन आहे, विजन आहे. ओळखीच्या गावांचा आणि ओळखीच्या माणसांचा लोभ न धरता, हेतू न ठेवता हिंडावे, असा त्याचा रोख आहे. तीर्थयात्रेचा प्रचलित अर्थ त्यांना मान्य नव्हता. अशा पुरुषाच्या पाऊलखुणांची यादी करावी आणि ती गाव धरून, दिशा धरून पुरी करावी, हे त्यांच्याच वचनाशी विसंगत नव्हे काय? मला वाटते, विसंगत आहे. आणि तिला घाईने सुसंगत ठरविण्याचे कारण नाही. गुरू असताना शिष्यांना यादी लागली नाही. ते गेल्यावर लागली. स्थानपोथीच्या त्या कोरड्या वाक्यांमागे हा वियोग उभा आहे, आणि म्हणूनच त्या वाक्यांना विशेषणांची गरज पडत नाही. ज्याला या ग्रंथात वाङ्मय दिसत नाही, त्याने तो या अंगाने पुन्हा वाचून पाहावा.

जाता जाता एक साम्य नोंदवून ठेवतो. सायमन इंग्लिस या लेखकाचा इंग्लंड व वेल्समधील फुटबॉल मैदानांवरील ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकेका संघाच्या मैदानाचे वर्णन कोणत्या बाजूला कोणता प्रेक्षामंडप, तो कधी बांधला, कोणी बांधला, जळाला केव्हा, पुन्हा उभा राहिला केव्हा, अशा पद्धतीने आलेले आहे. वास्तुकलेच्या इतिहासकारांनी ज्या इमारतींकडे ढुंकूनही पाहिले नव्हते आणि जेथे आठवड्याला हजारो माणसे जात होती, त्या इमारतींची ही गंभीर नोंद आहे. स्थानपोथीचा आणि या ग्रंथाचा काडीमात्र संबंध नाही. परंतु माणसाला जागा खरोखर महत्त्वाची वाटू लागली की त्याचे गद्य दिशा आणि अंतरे यांच्याकडे वळते, असे दोन्ही ठिकाणी दिसते.

आता आपल्या काळातील हौसेकडे येऊ. ‘महाराष्ट्रातील सर्व किल्ले पाहावयाचे’ असा संकल्प सोडणारे तरुण आज गावोगाव आहेत, अकोटातही आहेत. शनिवारी रात्री निघावे, रविवारी दोन किल्ले करावेत, सोमवारी कामावर हजर व्हावे, असा क्रम. ‘किल्ले करणे’ हा क्रियापदाचा प्रयोग मला मोठा बोलका वाटतो. बाजार करतात, स्वयंपाक करतात, तसे किल्ले करतात. या संकल्पात कष्ट आहेत, प्रेमही आहे. त्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु येथे यादी कोणती आणि अट कोणती, हे विचारले की उत्तर डळमळू लागते.

प्रथम यादी. मराठीतील दुर्गांच्या याद्यांत विख्यात यादी कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतील. सतराव्या शतकाच्या अखेरीस, जिंजी येथे, राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या या बखरीत शिवछत्रपतींच्या गडकोटांची नामावळी आहे आणि तिची बेरीज २४० च्या घरात जाते. ही यादी फिरस्त्याची नव्हे. ती दौलतीची मोजदाद आहे. राजधानी सोडून दक्षिणेच्या टोकाला वेढ्यात बसलेल्या राजापुढे, त्याच्या पित्याने काय मिळविले होते, याची झाडाझडती आहे. तिचे करुण त्या संदर्भात आहे. ती उचलून आजच्या भटकंतीची यादी बनविली, तर तिच्यातील कालसंदर्भ गळतो आणि केवळ आकडा उरतो. शिवाय आकडाही स्थिर नाही. महाराष्ट्रातील किल्ले कोणी साडेतीनशे सांगतो, कोणी चारशेच्या वर नेतो. गढी धरावी की नाही? अकोल्याचा असदगड, बाळापूरचा भुईकोट हे धरले, तर वऱ्हाडातील गावोगावच्या मातीच्या गढ्यांनी काय पाप केले? ९२ मैदानांच्या यादीत संघ येतो तो खेळून आणि जातो तो हरून. निकष सर्वांना ठाऊक आहे. दुर्गांच्या यादीत गड येतो तो कशाच्या बळावर, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. बहुधा तो शिवकालाशी असलेल्या नात्याच्या बळावर येतो. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या सूचीत गेले, त्यांत तमिळनाडूतील जिंजी आहे आणि वऱ्हाडातील एकही नाही. त्या सूचीच्या विषयाला धरून ते योग्यच आहे. परंतु ती सूची म्हणजेच महाराष्ट्राचे दुर्गवैभव, असे जेव्हा शाळेच्या फळ्यावर लिहिले जाते, तेव्हा एका विषयाची यादी सबंध प्रदेशाची यादी होऊन बसते.

अटीची कथा याहून बिकट आहे. गडाची भेट झाली केव्हा? माथ्यावर पाय टेकला म्हणजे? दरवाजातून आत गेलो म्हणजे? छायाचित्र काढले म्हणजे? बहुसंख्य दुर्गपुस्तके या बाबतीत मुकी आहेत. पायथ्याचे गाव, चढाईचा वेळ, पाण्याची सोय, मुक्कामाची सोय, एवढे देऊन ती थांबतात. ही माहिती उपयुक्त आहे. परंतु ती पोहोचविण्यापुरती आहे. स्थानपोथीही पोहोचविते, मात्र तिच्या मागे लीळाचरित्र उभे असते. येथे मागे काही उभे नसते.

या नियमाला ठळक अपवाद गो. नी. दांडेकरांचा. त्यांच्या दुर्गलेखनावर भाबडेपणाचा आरोप होतो, आणि काही ठिकाणी तो खराही आहे; गडाच्या प्रत्येक चिऱ्याला नमस्कार घातल्यावर चिरा आणि चिरा यांत फरक राहत नाही. परंतु त्यांचे सामर्थ्य कशात आहे, हे आपल्या प्रश्नाच्या अंगाने नीट दिसते. दांडेकर मोजीत नाहीत. ते परत जातात. त्यांच्या ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीत राजमाची आहे, ‘पवनाकाठचा धोंडी’त तुंग आहे, ‘वाघरू’त राजगड आहे. गड पाहून झाल्यावर तेथे राहणाऱ्या माणसाची, जनावराची, रानाची कथा लिहावीशी वाटणे, म्हणजे भेट अजून पुरी झाली नाही, असे वाटणेच होय. ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचताना वाचकाला किती किल्ले झाले याची गणती राहत नाही, आणि हा त्या पुस्तकाचा मोठा गुण आहे. त्यांनी अट कोठे सूत्ररूपाने सांगितली नाही. पण त्यांच्या लेखनातून ती अशी काढता येईल की, गडावर जो आज राहतो त्याची आणि जो पूर्वी राहिला त्याची, अशा दोघांची ओळख झाली पाहिजे.

दांडेकरांचा जन्म १९१६ साली परतवाड्याचा. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढला की गाविलगड. सातपुड्याच्या छायेत जन्मलेल्या या लेखकाची दुर्गसृष्टी मात्र मुख्यतः सह्याद्रीची झाली. यात त्यांचा दोष नाही. माणूस जेथे राहतो तेथे रमतो, आणि त्यांचे पुढील आयुष्य तळेगावच्या परिसरात गेले. परंतु परिणाम असा झाला की, सह्याद्रीच्या गडांना त्यांचा लीळाकार भेटला आणि सातपुड्याचे गड गॅझेटियरवर राहिले.

अकोटच्या उत्तरेस पाच-सहा कोसांवर नरनाळा आहे. स्वच्छ हवेच्या दिवशी गावाबाहेर पडले की सातपुड्याची रांग दिसते आणि ठाऊक असलेल्याला त्या रांगेत गड कोठे आहे हेही दाखविता येते. बहमनी सुलतान अहमदशहाने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात एलिचपुरास मुक्काम असता गाविलगड बांधला व नरनाळा दुरुस्त केला, असे फरिश्त्याने लिहून ठेवले आहे. गडाचा महाकाली दरवाजा फतहउल्ला इमाद-उल्-मुल्क याने १४८७ साली, म्हणजे इमादशाही स्वतंत्र होण्यापूर्वी, बहमनी सुलतानाच्या नावे उभारला. फिकट रंगाचा दगड, कमळांची कोरीव फुले, दोहो बाजूंस सज्जे व जाळ्या, आणि वर अक्षरांची पट्टी. वऱ्हाडात दगडावरची इतकी नाजूक कारागिरी फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते. ज्या इमादशाहीच्या संस्थापकाने हा दरवाजा बांधला, तिचा शेवटही येथेच झाला : तुफालखानाने आपल्या अल्पवयीन धन्याला, बुऱ्हाण इमादशहाला, याच गडावर कैदेत ठेवले होते, आणि १५७४ साली मुर्तजा निजामशहाने गड घेऊन वऱ्हाड अहमदनगरास जोडला. पुढे मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारला नरनाळ्याचेच नाव होते, आणि ‘ऐन-इ-अकबरी’त गडाची दखल आहे. मग भोसल्यांचा काळ. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी येथून जवळच अडगावच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. त्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला, पण नरनाळा आणि गाविलगड भोसल्यांकडेच राहिले.

इतका इतिहास ज्याच्या अंगावर आहे, तो गड ‘सर्व किल्ले’ पाहणाऱ्याच्या यादीत येतो तेव्हा बहुधा अखेरीस येतो, आणि येतो तो आकडा भरण्यासाठी. त्याचा दोष पाहणाऱ्यावर ढकलून चालणार नाही. तो तेथे पोहोचतो तेव्हा त्याच्याजवळ जी अट असते ती सह्याद्रीची असते : उभा कडा, दमछाक, माथ्यावरचा वारा, आणि शिवछत्रपतींचे स्मरण. नरनाळ्यावर यांतील बहुतेक गोष्टी लागू पडत नाहीत. गड मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पाच्या रानात आहे. शहानूरच्या नाक्यावर वनखात्याची नोंद करून वाहनानेही वर जाता येते. वर माथा म्हणजे एक टोक नसून पसरलेले रान आहे, त्यात तलाव आहेत, नऊगजी तोफ आहे, शक्कर तलावाजवळ बुऱ्हाणुद्दीन वलींचा दर्गा आहे आणि तेथे आजही श्रद्धेने लोक जातात. यादी घेऊन आलेला तरुण दरवाजाजवळ छायाचित्र काढतो, तोफेजवळ दुसरे काढतो आणि दुपारपर्यंत खाली उतरतो. त्याने नियम मोडलेला नाही. त्याला नियम कोणी सांगितलेलाच नाही.

महाकाली दरवाजावरील लेख वाचता येण्यासाठी जी लिपी यावी लागते, ती आपल्या पदव्युत्तर वर्गातील किती जणांना येते, हे मी एकदा वर्गात विचारले होते. एकही हात वर झाला नाही; माझाही वर जाण्यासारखा नव्हता. १९१० सालच्या अकोला जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या गडाविषयी जे आहे, त्याचा आधार घेतल्यावाचून आपल्याला आपल्याच तालुक्यातील गडाविषयी चार ओळी लिहिता येत नाहीत. स्थानपोथीच्या कर्त्याजवळ गॅझेटियर नव्हते. तो प्रत्येक आवारात स्वतः उभा राहिला असावा, किंवा उभ्या राहिलेल्याच्या तोंडून त्याने ऐकले असावे; दार पूर्वेकडे की पश्चिमेकडे, हे त्याला कोणा साहेबाला विचारावे लागले नाही.

यंदाच्या हिवाळ्यात विभागातील काही विद्यार्थ्यांसह दरवाजाची नोंद स्थानपोथीच्या रीतीने करावी, असा बेत आहे : कोणती कमान कोणत्या दिशेला, कोणती अक्षरे कोठून कोठपर्यंत, कोणता सज्जा पडला, कोणता शाबूत आहे, आणि शहानूरचे वृद्ध लोक त्या जागेविषयी काय सांगतात. फारसी-अरबी जाणणारा एक सोबती मिळाला तर लेखही वाचून घेऊ. एका खेपेत हे होईल, असे वाटत नाही.